शापायची कणकुंबी

शापाय गेल्यावर त्याच्या लोखंडी कपाटातून अकरा वह्या निघाल्या. शंभर पानी, दोनशे पानी, काहींना वर्तमानपत्राची कव्हरं. पप्पांनी त्या चाळल्या आणि रद्दीच्या बाजूला ठेवल्या. त्यात पप्पांचा दोष नाही. पप्पा कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत शिकले, बोलतात मराठी, पण शापायचं जोडून लिहिलेलं, वेलांट्या पुढच्या शब्दावर चढलेलं अक्षर त्यांना लागत नाही. ते म्हणाले, "बाय, तूच बघ. मराठीत आहे." मी तेव्हा मुंबईला एस.वाय.ला होते, मराठी साहित्य घेऊन. आमच्या घरात ही निवड अजूनही एखाद्या दुखण्यासारखी हळू आवाजात सांगितली जाते.

(एक खुलासा. आमचं घर बेळगावचं, कॅथलिक. घरात मराठी बोलतो, नात्यांची नावं तेवढी कोकणी राहिलीत. शापाय म्हणजे आजोबा, शामाय म्हणजे आजी. त्यांना अहो-जाहो करायची पद्धत नाही, म्हणून मी इथंही 'तो'च लिहिते. राग मानू नये.)

पहिल्या तीन वह्या कणकुंबीच्या निघाल्या. शापाय सरकारी मराठी शाळेत मास्तर होता एवढं मला माहीत होतं. त्याची पहिली नेमणूक जून 1968 मध्ये कणकुंबीला झाली होती आणि तो तिथं तीन वर्षं एकटा राहिला होता, हे मला वहीनं सांगितलं. नेमणुकीचा कागदही वहीत घडी करून ठेवलेला होता. त्यावर राज्याचं नाव मैसूर. कर्नाटक हे नाव 1973 साली आलं. बेळगावचं बेळगावी तर 2014 साली, मी शाळेत असताना झालं. आमच्याकडं माणूस घर न बदलताही पत्ता बदलत राहतो.

गेल्या वर्षी, 2025 च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या सुट्टीला मी घरी आले आणि पप्पांना म्हटलं, कणकुंबीला जाऊया. पप्पांना वाटलं धबधबे बघायला. पावसाळ्यात आमच्याकडून सगळे तिकडं त्यासाठीच जातात. मी त्यांना खरं कारण सांगितलं नाही.

खरं कारण दुसऱ्या वहीत होतं. चौथीत एक मुलगी होती. तिचं नाव वहीत आहे, इथं लिहीत नाही. शापायनं तिच्याबद्दल इतकं लिहिलंय की वाचताना मला थोडा हेवाच वाटला. तिचे पाढे, तिचं अक्षर, एकदा तिनं विचारलेला प्रश्न: पावसाला आधी कळतं का, आपण कुठल्या बाजूला पडणार ते? आणि मग 1971 च्या उन्हाळ्यातली नोंद: "तिच्या वडिलांशी बोललो. जूनमध्ये येऊन घेऊन जातो म्हणालो. आपल्या घरी राहील, शाळेत घालू." त्यानंतरच्या वहीत बदलीचं गाव येतं, नवी शाळा येते, पप्पांचा जन्म येतो. मुलगी येत नाही. फक्त 1979 च्या वहीत एका पानावर मधेच एक ओळ आहे: "कणकुंबीला गेलो नाही." पुढं काही नाही. नवव्या वहीत पुन्हा तीच ओळ, तेव्हा शापाय निवृत्तीला आला होता.

मला ती मुलगी शोधायची होती. सापडली तर काय बोलायचं, ते ठरवलेलं नव्हतं.

बेळगावहून जांबोटीपर्यंत रस्ता बरा आहे, म्हणजे खड्डे ओळखीचे आहेत. जांबोटीनंतर झाडं रस्त्यावर झुकतात आणि आवाज बदलतो. गाडीची काच खाली केली की नुसतं पाणी ऐकू येतं, कुठून ते दिसत नाही. जांबोटी ते कणकुंबी सोळा किलोमीटर. वहीत शापायनं हे अंतर पावलांत मोजायचा प्रयत्न केलाय आणि नऊ हजारांवर सोडून दिलाय, कारण जळवा. कणकुंबीची गाडी पावसात बंद पडली की त्याला जांबोटीला उतरून चालावं लागे. खांद्याला पिशवी, डोक्यावर इरलं, पायाला तंबाखूचं पाणी. जळवांवर त्यानं अख्खी दोन पानं लिहिलीत, त्यातली भाषा मी मंडळाच्या अंकात देऊ शकत नाही.

हा भाग बेळगाव जिल्ह्यातला सगळ्यात ओला. जवळच्या अमगावला 2010 साली दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. मुंबईत अडीच हजारात आपण लोकल बंद पाडतो. गंमत अशी की इथून पूर्वेला बेळगाव पार करून दोन तास गेलं की काळी माती लागते आणि लोक आभाळाकडं बघत बसलेले असतात.

त्या मुलीचा प्रश्न इथं येऊन मला कळला. कणकुंबी समुद्रसपाटीपासून साधारण 792 मीटरवर आहे, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर. इथं माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला जाते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात थांबते, बदामी-पट्टदकल-ऐहोळेच्या बाजूनं जाते आणि 304 किलोमीटरनंतर कूडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हणजे शेवटी बंगालचा उपसागर. आणि याच गावाच्या शिवारातून कळसा नाला निघतो, तो पश्चिमेला उतरून म्हादईला मिळतो. म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात जाते. एकाच गावात, एका डोंगराच्या दोन उतारांवर पडलेल्या दोन थेंबांमध्ये अख्खा भारत येऊन बसतो. चौथीतल्या मुलीला हे दिसलं होतं. शापायनं प्रश्नाखाली लिहिलंय: "उत्तर देता आलं नाही. उद्या बघतो म्हणालो."

आता या थेंबांवरून तीन राज्यं भांडतात. कळसाचं पाणी वळवून मलप्रभेत सोडायचं, हुबळी-धारवाडला आणि पलीकडच्या कोरड्या तालुक्यांना प्यायला द्यायचं, अशी कर्नाटकाची योजना. गोवा म्हणतं, आमची नदी आटेल, खारं पाणी आत शिरेल. 2010 साली लवाद नेमला गेला, 2018 च्या ऑगस्टमध्ये त्याचा निवाडा आला: कळसातून 1.72 टीएमसी आणि भांडुऱ्यातून 2.18 टीएमसी पाणी वळवायला मुभा. 2022 च्या अखेरीस केंद्रीय जल आयोगानं आराखड्याला मान्यता दिली, आणि गोव्याची लढाई सर्वोच्च न्यायालयात चालूच आहे. कणकुंबीत कालव्यासाठी खणलेलं आहे, ते रस्त्यावरून दिसतं. लाल मातीची खोल चीर, कडेनं उगवलेलं गवत, आत साचलेलं पाणी. पप्पांनी गाडी थांबवली. आम्ही दोघं उगाच खाली बघत उभे राहिलो. माझे कॉलेजातले गोव्याचे मित्र 'म्हादई वाचवा' म्हणून स्टेटस ठेवतात. माझी मावशी नरगुंदला राहते, तिथं 2015 साली याच पाण्यासाठी शेतकरी महिनोन्‌महिने धरण्यावर बसले होते. तिच्या घरी उन्हाळ्यात पाहुणा आला की आधी बादल्या मोजतात. मी कधी कुठलंच स्टेटस ठेवलेलं नाही.

गाव लहान आहे. रस्ता, दोन-चार दुकानं, चहाच्या टपऱ्या, कौलारू घरं, आणि गणपतीचे दिवस म्हणून गोव्याच्या नंबरप्लेटच्या बऱ्याच गाड्या. इथली तरुण मंडळी कामाला गोव्यात असतात, चवथीला घरी येतात. आम्ही आधी देवळात गेलो. पप्पा बाहेर थांबले, चपला काढून पण उंबऱ्याबाहेर. मला वहीतली ती पायरी बघायची होती.

त्या पायरीची गोष्ट अशी. शापायला इथं चर्च नव्हतं. रविवारी मिस्साला जायचं तर खानापूर किंवा बेळगाव गाठायचं, आणि पावसात ते अशक्य. तेव्हा तो रविवारी सकाळी देवळाच्या पायरीवर बसून रोझरी म्हणायचा, कारण गावात बसायला तेवढी एकच कोरडी दगडी जागा होती. "गुरवानं बघितलं. काही बोलला नाही. दुसऱ्या रविवारी पायरी झाडून ठेवली होती." मी ते वाक्य वहीत पहिल्यांदा वाचलं तेव्हा होस्टेलवर होते, रात्रीचे दोन वाजले होते, आणि मला कुणालातरी उठवून सांगायचं होतं.

पुढं श्रावण आला. गावात पोथी लावायची होती आणि वाचणारा आजारी पडला. मास्तरांचा आवाज चांगला, ते चर्चमध्ये गायलेले. मग कॅथलिक मास्तरांनी महिनाभर श्रीधरांचा 'पांडवप्रताप' वाचला. आणि एका रात्री, स्वतःच लिहिलंय त्यानं, त्याला मोह झाला. त्याच्याकडं 'ख्रिस्तपुराणा'तल्या ओव्या उतरवून घेतलेल्या होत्या. अध्याय संपल्यावर त्यानं त्याच चालीत त्या सुरू केल्या. वीसेक ओव्या होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग जेजूचं नाव आलं आणि एक म्हातारा म्हणाला, "हे कुठल्या पर्वातलं हो मास्तर?"

आपल्यातल्या ज्यांनी हा ग्रंथ अजून उघडला नाही त्यांच्यासाठी: फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, मराठी शिकला, आणि त्यानं ख्रिस्ताची कथा ओव्यांत लिहिली, दहा हजारांहून जास्त ओव्या. ती 1616 साली रायतूरला छापली गेली, रोमन लिपीत. तो मराठीवर इतका खूश होता की तिची स्तुती त्यानं ग्रंथातच करून ठेवली. वर्गात हा ग्रंथ 'मध्ययुगीन वाङ्मय' या पेपरात एका तासात संपतो. मला दर वर्षी कुणीतरी विचारतं, "तू ख्रिश्चन असून मराठी कशी?" आधी मी स्टीफन्सचं नाव फेकून मारायचे. आता त्या म्हाताऱ्याचा प्रश्न आठवतो आणि हसू येतं.

शाळा बंद होती, सुट्टीच होती. बोर्ड वर कन्नडमध्ये, खाली मराठीत. खिडकीतून बाकं दिसली. शापायच्या वेळची इमारत हीच का, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. पप्पांनी भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाले, "ओल आहे." पप्पा प्लंबिंगच्या सामानाचं दुकान चालवतात, त्यांना भिंतीत आधी ओल दिसते.

चहाच्या टपरीवर विचारलं. मी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. टपरीवाल्यानं मिरची भजी कढईत सोडत विचार केला. "ती म्हणजे आमची अमक्याची आई. वरच्या अंगाला घर हाय. पर तुमी कोण?" मी म्हटलं, मास्तरांची नात. "कुठल्या मास्तरांची?" आडनाव सांगितल्यावर तो पप्पांकडं बघून म्हणाला, "किरिस्तांव मास्तर? पोथीवाले?" तो स्वतः तेव्हा जन्मलाही नसणार. त्याच्या वडिलांनी सांगितलेलं.

आता पप्पा माझ्याकडं बघायला लागले. मला त्यांना सांगावंच लागलं, तिथंच, भज्यांच्या धुरात. ते ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "कशाला? बाबा गेले. आता त्या बाईला जाऊन काय सांगणार? सॉरी?" मी म्हटलं मला माहीत नाही. "तुला गोष्ट पाहिजे," पप्पा म्हणाले. हे मला लागलं, कारण अगदीच खोटं नव्हतं. मी मंडळाच्या अंकासाठी लिहिणार आहे हे त्यांना माहीत होतं.

आम्ही लगेच वर गेलो नाही. आधी धबधबा बघू, असं पप्पा म्हणाले, आणि मीही तयार झाले. दोघांनाही वेळ काढायचा होता. गावापासून आत एक वाट जाते, तिथं थोडं गेल्यावर एका वनरक्षकानं अडवलं. पावसात आत सोडत नाहीत, पाय घसरून माणसं जातात, दरवर्षी. त्याचं बरोबर होतं. पप्पांच्या पायात तर दुकानातल्या सँडल होत्या. मी त्याला बारापेडेच्या गुहांचं विचारलं, त्या भीमगडच्या जंगलात तळेवाडीच्या बाजूला. तो हसला. "तिकडं तर उन्हाळ्यातपण नाही."

त्या गुहा मला वहीनं दिल्या होत्या. शापायनं एका ओळीत लिहिलंय, कोणी साहेब फार वर्षांपूर्वी वटवाघळं मोजायला आला होता असं रानातले लोक सांगतात. मी शोधलं तेव्हा कळलं की ही गोष्ट खरी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीत या गुहांत एक वटवाघूळ सापडलं, मोठ्या कानांचं, शेपटी पंखाच्या पडद्याबाहेर मोकळी असणारं. 1913 साली लंडनच्या ओल्डफील्ड थॉमसनं त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि रॉटन नावाच्या निवृत्त वनाधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. पुढं कितीतरी दशकं जगात ते फक्त इथंच आहे असं मानलं जायचं. मग मेघालयात सापडलं, कंबोडियात सापडलं. 2011 साली भीमगड अभयारण्य झालं, त्यात त्याचा मोठा वाटा. जी गोष्ट फक्त आपल्याकडंच आहे असं वाटत असतं ती दुसरीकडंही असते, हे शापायला आवडलं असतं. गुहा मी पाहिली नाही, आणि लोकांनी टॉर्च घेऊन तिथं जाऊ नये असंच मला वाटतं.

मग चोर्ल्याच्या बाजूला थोडं पुढं गेलो. धुकं इतकं की गाडीचं बॉनेट दिसेना. एका वळणावर थांबलो. डाव्या हाताला, खूप खाली, मोठं पाणी पडत होतं. दहा मिनिटं थांबलो, धुकं हललं नाही. पप्पांनी मोबाईल काढून पांढऱ्या धुक्याचाच व्हिडिओ घेतला, आवाजासाठी. "बाबा हे रोज ऐकत असतील," ते म्हणाले. आणि मग, बऱ्याच वेळानं, "चल. आता जाऊ त्यांच्याकडं."

बेळगावहून येताना कुंद्याचा डबा आणला होता तो घेऊन वर गेलो. अंगणात सुना, नातवंडं, दारात चपलांचा ढीग. आत गणपती, वर गोव्यासारखी माटोळी बांधलेली, त्यात काकड्या, नारळ, रानातली फळं. आजी चुलीजवळ बसल्या होत्या. पासष्टीच्या, बारीक, कपाळावर गोंदण. "कुठनं आलासा?" म्हणाल्या. पप्पांनी सांगितलं. मी बघत होते, चेहऱ्यावर काही होतं का. काही झालं नाही.

"मास्तर गेले?"

"दीड वर्ष झालं."

"वय झालं असंल." मग सुनेला म्हणाल्या, चा ठेव.

मग त्यांनी मास्तरांचं सांगायला सुरुवात केली, आणि त्यातलं काहीही वहीत नव्हतं. मास्तर जळवेला भिऊन बाकावर उभे राहून शिकवायचे. मास्तरांना भाकरी थापता येत नव्हती, शाळेतली पोरं पाळीपाळीनं नेऊन द्यायची. मास्तर शुक्रवारी मटण खात नसत, म्हणून गावाला वाटायचं त्यांची पण कुठली देवी असणार, शुक्रवारवाली. पप्पा हसले. मी पहिल्यांदा पप्पांना स्वतःच्या वडिलांबद्दल काहीतरी नवीन ऐकताना बघत होते.

"तू काय करतीस?" त्यांनी मला विचारलं.

"मुंबईला शिकते, आज्जी. मराठी."

"मराठी शिकाय मुंबैला?" त्या इतक्या हसल्या की आतल्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

मी पिशवीतून वही काढली. मी म्हटलं, तुमच्याबद्दल लिहिलंय, वाचून दाखवू का? त्यांनी हात पुढं केला. मला वाटलं, नुसती बघायला. त्यांनी वही मांडीवर घेतली, लांब धरली, मग जवळ आणली आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. ते अक्षर लावायला मला दोन महिने लागले होते. त्या हळू वाचत होत्या पण कुठं अडत नव्हत्या. पाढ्यांचं वाचलं. पावसाच्या प्रश्नावर "असं इचारलेलं व्हय मी?" म्हणाल्या. मग ते पान आलं. पप्पा अंगणाकडं बघायला लागले.

त्या थांबल्या. बोट एका शब्दावर होतं.

"जून न्हवं," त्या म्हणाल्या. "मे."

मला आधी कळलंच नाही.

"मे म्हयन्यात येतो म्हणालेले. जूनला वाट बंद व्हायची, जूनला कोण येतंय हिकडं? मेच्या अखेरीपातूर आईनं माझी चोळी-परकर धुऊन घडी करून ठिवलेला." मग पान उलटलं. "मग पाऊस लागला. रोपं काढाय आली."

मी म्हटलं, मी ते दुरुस्त करू का? म्हणजे मे लिहू का तिथं? काय मूर्ख प्रश्न होता. पण तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

"र्‍हाऊ दे. मास्तरांचं अक्षर हाय." त्यांनी वही मिटून माझ्याकडं दिली आणि चहा आला. चहाबरोबर पातोळ्या. पप्पांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, बाबा शेवटपर्यंत तुमची आठवण काढत, असं. ते खरं नव्हतं, वह्या उघडेपर्यंत आम्हाला त्यांचं नावही माहीत नव्हतं. आजींनी मान हलवली आणि विचारलं, दुकान कशाचं आहे? मग त्यांच्या मोरीचा नळ गळत होता तो पप्पांनी बघितला. गाडीत पाना होता. अर्धा तास पप्पा मोरीत वाकून बसले आणि मी नातवंडांबरोबर आरतीचं पुस्तक चाळत बसले. निघताना आजींनी एक काकडी आणि दोन नारळ दिले. "धाकट्या नातीला मराठीत पैला नंबर आला," एवढं त्या दारात म्हणाल्या.

परतीला पप्पा बोलले नाहीत. जांबोटी गेल्यावर अचानक म्हणाले, "मे एकाहत्तर." मला तेही उशिरा कळलं. आमच्या हॉलमध्ये शामाय आणि शापायच्या लग्नाचा फोटो आहे, खाली तारखेसकट. मे 1971.

घरी पोचलो तेव्हा शामाय स्वयंपाकघरात सुंगट सोलत बसली होती. पाऊस होता का विचारलं. होता म्हटलं. कुठं कुठं गेलात? मी देऊळ सांगितलं, शाळा सांगितली, धुकं सांगितलं. काकडी बघून तिनं हात थांबवला.

"भेटली ती?"

मी पप्पांकडं बघितलं. शामायनं आम्हा दोघांकडंही बघितलं नाही.

"तो म्हणत होता, मेमध्ये लग्न आहे, ते झालं की जूनमध्ये जाऊन आणूया. मी नको म्हणाले." ती पुन्हा सोलायला लागली. "दोन खोल्या होत्या. सासू, दोन नणंदा, दीर. मी एकोणीस वर्षांची. मला म्हटलं, आणि एक पोर कुठं झोपवायची? तो एकदाच बोलला. परत बोलला नाही."

नळाखाली हात धुऊन तिनं काकडी घेतली, वास घेतला.

"पोरं किती तिला?"

तीन, मी म्हटलं. नातवंडं पाच.

"शिकतात?"

शिकतात म्हटलं. तिनं काकडीची दोन्ही टोकं कापून घासली, कडूपणा जायला, आणि फेस बाजूला काढून चकत्या करायला घेतल्या.